लिंक कोणत्या दाराने उघडते?

मोबाइलच्या पडद्यावरील निळ्या अक्षरांच्या ओळीवर बोट टेकले की क्षणार्धात एखादे पान समोर येते. पान आले एवढेच आपण पाहतो. ते कोणी आणून दिले, हे पाहण्याची सवय फार थोड्यांना असते. वस्तुतः ती ओळ आणि ते पान यांच्यामध्ये एक मध्यस्थ उभा असतो. त्याला ब्राउझर म्हणतात. क्रोम, सफारी, फायरफॉक्स, एज, ऑपेरा, सॅमसंग इंटरनेट ही अशा मध्यस्थांची नावे. एकाच फोनमध्ये असे दोन-तीन मध्यस्थ सहज नांदत असतात आणि आपण काही सांगितले नसेल, तर त्यांपैकी एकजण फोन विकत घेतल्या दिवसापासूनच कारभार हाती घेऊन बसलेला असतो. बाहेरून आलेली प्रत्येक लिंक ज्याच्या स्वाधीन होते, तो त्या फोनचा डीफॉल्ट ब्राउझर.

व्यापारी कुटुंबाला या गोष्टीची दखल घ्यावी लागते, याचे कारण पेढीचे निम्मे कामकाज आता याच दाराने चालते. जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल, बँकेचे खाते, पुरवठादाराने पाठवलेले दरपत्रक, मालवाहतुकीची पावती, वीजबिलाचा भरणा, सारे काही कोणत्या ना कोणत्या लिंकमधून उघडते. आणि येथे एक गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. प्रत्येक ब्राउझरची वही स्वतंत्र असते. क्रोममध्ये साठवलेला पासवर्ड गूगलच्या खात्यात राहतो, सफारीतील अ‍ॅपलच्या किल्ल्यांच्या जुडग्यात, तर सॅमसंग इंटरनेटमधील सॅमसंगच्या स्वतःच्या सोयीत. खुणा करून ठेवलेली पाने, पूर्वी पाहिलेल्या पानांची नोंद, ‘लॉगिन’ झालेली अवस्था हेही ज्याचे त्याच्यापाशी. एका पेढीची खतावणी दुसऱ्या पेढीवर उघडून पाहिली तर आपले नाव तेथे सापडणार नाही, तसाच हा प्रकार.

समजा, मार्केट यार्डातील एखाद्या भुसार पेढीवर विवरणपत्र भरण्याची शेवटची तारीख आहे. करसल्लागाराने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली लिंक धाकट्या भावाने उघडली. रोज आपोआप भरले जाणारे वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड आज मात्र रिकामे आहेत. पासवर्ड कोणालाच पाठ नाही. तीन वेळा अंदाजाने भरून पाहिला, खाते तात्पुरते बंद झाले आणि ‘पोर्टल बिघडले’ असा निष्कर्ष निघाला. प्रत्यक्षात घडलेले इतकेच असते, की आदल्या रात्री घरातील मुलाने त्याच फोनवर दुसरा ब्राउझर उघडला, त्याने ‘मला डीफॉल्ट करा’ अशी विनंती पडद्यावर मांडली आणि मुलाने होकार दिला. पासवर्ड हरवलेला नाही. तो जुन्या ब्राउझरच्या वहीत जसाच्या तसा आहे. अशा वेळी अंदाज बांधण्यापूर्वी पान कोणत्या ब्राउझरमध्ये उघडले आहे, एवढे पाहिले तरी निम्मी धावपळ वाचते.

ही मोक्याची जागा कंपन्यांना किती मोलाची वाटते, हे आकड्यांवरून दिसते. दुकानात गल्ल्याशेजारच्या फळीवर कोणाचा माल मांडायचा, यासाठी कंपन्यांचे प्रतिनिधी कसे आर्जव करतात, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. सफारी ब्राउझरमध्ये आपले शोधयंत्र ठरलेले राहावे म्हणून गूगलने २०२२ या एका वर्षात अ‍ॅपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिल्याचे अमेरिकेतील खटल्याच्या कागदपत्रांतून उघड झाले. (शोधयंत्र आणि ब्राउझर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ब्राउझर हे दार, शोधयंत्र हा दारातील वाटाड्या. ब्राउझर न बदलताही आतील वाटाड्या बदलता येतो.) भारतात स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. फोनबरोबर क्रोम आदी अ‍ॅप्स आधीच बसवून देण्याच्या अटींमुळे ब्राउझरच्या बाजारातील स्पर्धेला बाध येते, हाही त्या निर्णयाचा एक भाग होता. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये काही निर्देश रद्द केले, परंतु दंड कायम ठेवला. मोठ्या कंपन्या ज्या जागेसाठी न्यायालयांपर्यंत जातात, ती जागा आपल्याच खिशातील फोनमध्ये कोणाकडे आहे, हे ग्राहकाला ठाऊक नसावे, हा व्यवहार एकतर्फीच म्हणावा लागेल.

निवड कोणाची करावी, याबद्दल फार काथ्याकूट करण्याचे कारण नाही. नामांकित, नियमित अद्ययावत होणारा कोणताही ब्राउझर चालेल. मात्र जाहिरात पाहून किंवा ‘डेटा वाचतो’ एवढ्याच आशेने अपरिचित ब्राउझर घेऊ नये. एके काळी भारतात घरोघरी वापरला जाणारा यूसी ब्राउझर केंद्र सरकारने २९ जून २०२० रोजी बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅप्सच्या यादीत होता, आणि ज्यांची सारी नोंद त्यात होती त्यांना नव्याने मांडामांड करावी लागली. पेढीवर दोन-तीन फोन असतील, तर सर्वांवर एकच ब्राउझर ठेवणे केव्हाही सोयीचे. घरच्या करमणुकीसाठी दुसरा असू द्यावा, परंतु बँक व कर यांचे काम एकाच दाराने व्हावे. हा नियम थोडा कडक वाटेल. रोख रकमेचे कपाट आणि मुलांच्या खेळण्यांचे कपाट आपण एक ठेवत नाही, हे आठवले म्हणजे तो कडक वाटणार नाही.

आता प्रत्यक्ष कृती. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज उघडून ‘अ‍ॅप्स’ या विभागात जावे; तेथे ‘डीफॉल्ट अ‍ॅप्स’ आणि त्याखाली ‘ब्राउझर अ‍ॅप’ अशी ओळ असते. तिच्यावर बोट टेकले की फोनमधील ब्राउझरांची यादी येते; हवा तो निवडावा. सॅमसंग फोनमध्ये हीच सोय ‘अ‍ॅप्स’ विभागातील डीफॉल्ट अ‍ॅप्स निवडण्याच्या ओळीत आहे. इतर कंपन्या ही ओळ कधी वर, कधी आतल्या पानात, कधी कोपऱ्यातील तीन ठिपक्यांमागे ठेवतात. म्हणून शोधत बसण्यापेक्षा सेटिंग्जच्या माथ्यावरील शोधचौकटीत ‘डीफॉल्ट’ हा शब्द लिहावा. ओळ आपोआप पुढे येते.

आयफोनवर ही मोकळीक बरीच उशिरा आली. सप्टेंबर २०२० मधील आयओएस १४ पूर्वी सफारीखेरीज दुसरा ब्राउझर डीफॉल्ट करताच येत नसे. आणि मोकळीक मिळाली तीही पहिल्या काही दिवसांत अडखळत. फोन बंद करून पुन्हा सुरू केला की निवड पुसली जाऊन सफारी परत येई. १४.०.१ या दुरुस्तीने तो दोष गेला. आयओएस १८.२ पासून सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डीफॉल्ट अ‍ॅप्स, ब्राउझर अ‍ॅप असा सरळ मार्ग आहे. त्याहून जुन्या फोनमध्ये सेटिंग्जच्या यादीत खाली जाऊन हव्या त्या ब्राउझरचे नाव उघडावे. डीफॉल्ट ब्राउझरची ओळ तेथे मिळते. निवडलेला ब्राउझर फोनमधून काढून टाकला, तर आयफोन कारभार पुन्हा सफारीकडे सोपवतो.

एवढे करूनही ‘सेटिंग बदलले, पण लिंक दुसरीकडेच उघडते’ अशी तक्रार सर्रास ऐकू येते, आणि ती खोटी नसते. फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारखी अ‍ॅप्स लिंक बाहेर जाऊ न देता आपल्याच पोटातील लहानशा खिडकीत उघडतात. जीमेलमध्येही तशी सोय असून तिच्या सेटिंग्जमधून ती बंद करता येते. वर्तमानपत्रातील बातमी वाचण्यास ही खिडकी पुरेशी आहे. पैसे भरण्यास मुळीच नाही. तिच्यात आपले साठवलेले पासवर्ड मिळतीलच असे नाही, संकेतस्थळाचा पत्ता पुरता दिसत नाही आणि ओटीपी वाचण्यासाठी संदेशांकडे वळले की परत येईपर्यंत ती मिटलेली असण्याचा संभव असतो. मग पैसे गेले की राहिले, या विवंचनेत दुसऱ्यांदा भरणा केला जातो. यावर उपाय सोपा आहे. खिडकीच्या कोपऱ्यातील तीन ठिपके दाबून ‘बाहेरील ब्राउझरमध्ये उघडा’ हा पर्याय घ्यावा आणि मगच पुढील चौकटी भराव्यात. आणि भरणा अर्धवट राहिल्याची शंका आली, तर पुन्हा रक्कम भरण्याआधी खात्याचा उतारा पाहावा.

काही लिंक ब्राउझरकडे न जाता थेट संबंधित अ‍ॅपमध्ये उघडतात. यूट्यूबची लिंक यूट्यूबमध्येच उघडते, तशी. यात बिघाड नाही. ते नको असेल, तर त्या अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर ‘डीफॉल्टनुसार उघडा’ या ओळीतून अनुमती काढून घ्यावी.

हवा असलेला ब्राउझर यादीतच नसेल, तर तो फोनमध्ये ‘अक्षम’ केलेला आहे काय, हे अ‍ॅप्सच्या यादीत पाहावे. कार्यालयीन कामासाठी फोनमध्ये वेगळा कप्पा केलेला असेल, तर त्या कप्प्याची निवड वेगळी करावी लागते. दुरुस्ती करणाऱ्याने ‘अ‍ॅप प्राधान्ये रीसेट करा’ हे बटण दाबले असल्यास सर्व डीफॉल्ट निवडी मूळ पदावर जातात. माहिती पुसली जात नाही, फक्त निवड पुन्हा करावी लागते. उलट ब्राउझरची ‘कॅशे’ आणि ‘स्टोरेज’ यांत मोठे अंतर आहे. कॅशे पुसली तर तात्पुरता साठा जातो आणि अडकलेली पाने पुष्कळदा मोकळी होतात. स्टोरेज पुसले तर ब्राउझर कोरा होतो. लॉगिन जातात, आणि खात्याशी जोडून न ठेवलेल्या खुणा व पासवर्डही जातात. घाईत ही दोन बटणे एक समजू नयेत.

‘आपले कनेक्शन खाजगी नाही’ अशी सूचना प्रत्येकच पानावर येऊ लागली, तर प्रथम फोनची तारीख व वेळ तपासावी. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला हुंडीसारखी मुदत असते. फोनचे घड्याळ चुकले, की वैध प्रमाणपत्रही त्याला मुदतबाह्य दिसते. घड्याळ बरोबर असून एकाच संकेतस्थळावर ही सूचना येत असेल, तर मात्र तेथे काहीही भरू नये.

ब्राउझर ठीक असून बाकीची अ‍ॅप्स एकामागून एक बंद पडू लागली, तर दोष पडद्यामागच्या ‘वेबव्ह्यू’ नावाच्या घटकात असू शकतो. अ‍ॅपच्या पोटातील पाने तोच दाखवतो. मार्च २०२१ मध्ये त्याच्या एका सदोष अद्ययावतीमुळे जगभर अँड्रॉइड फोनमधील जीमेलसह अनेक अ‍ॅप्स उघडताक्षणीच मिटत होती. वेबव्ह्यू आणि क्रोम ही दोन्ही प्ले स्टोअरमधून पुन्हा अद्ययावत केल्यावर ती ताळ्यावर आली. फोन विकत घेतल्यापासून ‘अपडेट’चे बटण कधीच न दाबणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

फोनवर सतत जाहिराती झळकू लागल्या, की ‘व्हायरस शिरला’ असे गृहीत धरून सर्व काही पुसण्याची घाई होते. पुष्कळदा तो एखाद्या संकेतस्थळाला बेसावधपणे दिलेल्या सूचनांच्या परवानगीचा परिणाम असतो. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘सूचना’ या विभागात परवानगी दिलेल्या संकेतस्थळांची नावे दिसतात. अनोळखी नावे बंद केली की उपद्रव थांबतो. याहून गंभीर प्रकार लग्नपत्रिका, वाहतुकीचा दंड किंवा बँकेचे केवायसी यांच्या नावाखाली येणाऱ्या ‘एपीके’ फाइलींचा. अशी फाइल उघडण्यासाठी ब्राउझरला किंवा व्हॉट्सअ‍ॅपला ‘अज्ञात अ‍ॅप्स इंस्टॉल करण्याची’ मुभा लागते. सेटिंग्जमधील अ‍ॅप्सच्या विशेष परवानग्यांत ही मुभा प्रत्येकासाठी बंद आहे ना, हे घरातील प्रत्येक फोनवर एकदा पाहून घ्यावे. ज्येष्ठांच्या फोनवर आवर्जून. तरीही फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. पहिल्या तासाभरात दिलेल्या खबरीवर रक्कम अडवली जाण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते.

बँकेचे पान ओळखण्यासाठी आता एक नवी खूणही हाताशी आली आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये घोषणा करून बँकांनी आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर न्यावीत असे ठरवले, आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हे नाव केवळ बँकांनाच मिळते. संकेतस्थळाच्या नावात मध्येच ‘बँक’ शब्द असून शेवट भलताच असेल, तर ते पान बँकेचे समजू नये. ही खूण पाहायची, तर पत्त्याची पट्टी पूर्ण दिसली पाहिजे, आणि ती दिसते ती स्वतंत्र ब्राउझरमध्येच.

शेवटी गल्ल्यावर पडून असलेल्या जुन्या फोनविषयी. क्यूआर कोडचा भरणा पाहण्यापुरता तो ठेवलेला असतो आणि अधूनमधून बँकेचे पानही त्यावरच उघडले जाते. क्रोमची १३८ ही आवृत्ती अँड्रॉइड ८ आणि ९ साठी शेवटची ठरली; त्यापुढील सुरक्षाविषयक दुरुस्त्या अशा फोनला मिळत नाहीत. सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या पानावर अँड्रॉइडचा आकडा दिसतो. तो दहाच्या आत असेल, तर त्या फोनमधील साठवलेले पासवर्ड काढून टाकावेत आणि बँकेचे व कराचे काम दुसऱ्या फोनवर न्यावे.