खिशाला परवडेल अशी भटकंती (भाग ९) : भिगवणचं पाणी, कडबनवाडीचं गवत

मागच्या आठवड्यात आपण कॅमेरूनमध्ये होतो. याउंदेहून रात्रीच्या रेल्वेने उत्तरेकडे निघायचं, दक्षिणेतलं दाट जंगल मागे पडून गवताची पठारं लागतात ती पाहायची आणि पुढे चार परक्या माणसांबरोबर एका टॅक्सीत कोंबून घेऊन बाजाराच्या गावी उतरायचं, असा तो बेत होता. त्यावर वाचकांची शंका सरळ होती. तिथे राहणं-खाणं स्वस्त असेल. पण विमानाचं तिकीट, व्हिसा आणि पीतज्वराची लस यांचं काय? शंका रास्त आहे. म्हणून आज तोच हिशेब घेऊन घराजवळ येऊ. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यातले बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके ऊस, साखर कारखाने आणि राजकारण यांसाठी सगळ्यांना ठाऊक आहेत. याच तालुक्यांत आफ्रिकेची आठवण करून देणारं गवताळ रानही आहे, रोहितांचे थवेही आहेत आणि ताटात पडणारा मासा तर मूळचा आफ्रिकेचाच आहे.

स्वस्तात फिरणं म्हणजे घासाघीस करणं, असा एक गैरसमज आहे. होडीवाल्याकडून पन्नास रुपये कमी करून घेण्यात काही कमाई नाही. खर्च खरा वाचतो तो गावाच्या वेळापत्रकात स्वतःला बसवल्यावर. गाव ज्या गाडीने जातं त्या गाडीने जायचं, गाव जेव्हा जेवतं तेव्हा जेवायचं आणि शनिवार-रविवार सोडून जायचं. स्वारगेटहून सोलापूरच्या दिशेने सुटणाऱ्या एसटी गाड्या भिगवण आणि इंदापूरला जातात. रेल्वेने जायचं तर दौंड-सोलापूर मार्गावर भिगवण स्टेशन आहे आणि दौंडहून बारामतीला फुटणाऱ्या फाट्यावर शिरसुफळ. मार्च २०२३पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर प्रवास फुकट. त्यामुळे आजी, आई आणि मुलगी अशा तिघी निघाल्या, तर प्रवासखर्च चहा-नाश्त्याच्या हिशेबात बसतो. दोन्ही तालुके फिरून पुढे पंढरपूर, अक्कलकोट करायचं असेल तर ‘आवडेल तेथे प्रवास’चा चार किंवा सात दिवसांचा पास काढावा. १९८८पासून चालत आलेली ही योजना अजूनही पुष्कळांना माहीत नाही.

भिगवणहून कुंभारगाव किंवा डिकसळला वडापने किंवा रिक्षाने जाता येतं. पहाटेच्या होडीत बसायचं असेल, तर आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला गेलेलं बरं. मच्छीमारांच्या घरांतून राहण्या-जेवणाची सोय होते. होडीचा दर सहसा होडीमागे असतो, माणशी नव्हे. म्हणून काठावर उभ्या असलेल्या दुसऱ्या कुटुंबाला विचारावं, एकत्र बसावं. होडी चालवणारा माणूस बहुतेक वेळा पिढीजात मासेमार असतो आणि थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, नदी सुरय ही नावं तो पुस्तक न उघडता सांगतो.

हे पक्षी इथे का, हे समजलं की पाहण्यात जास्त गोडी येते. उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात आहे, पण तिच्यामागे तुंबलेलं भीमेचं पाणी इंदापूर, करमाळा, दौंडपर्यंत पसरलं आहे. एकूण साठा ११७ टीएमसी. त्यातला जेमतेम ५३ टीएमसी उपयुक्त, उरलेला मृतसाठा. पावसाळा संपला की कालव्यातून पाणी सुटू लागतं आणि पसाऱ्याच्या कडा हळूहळू मागे सरकतात. सपाट जमिनीवर पाणी थोडं उतरलं, तरी उघडी पडणारी दलदल मोठी असते. त्या ओल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात आणि त्याच्याच पुढच्या घोटाभर पाण्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. डिसेंबरच्या सुमारास ते दिसू लागतात. मात्र धरण तुडुंब राहिलेल्या वर्षी उशीर होतो. फेब्रुवारी-मार्च हा त्यामुळे भरवशाचा काळ.

रोहिताला जेवताना पाहावं. लांब मान खाली सोडून तो डोकं उलटं करतो, इतकं की चोचीचा वरचा भाग चिखलाला लागतो. जीभ आत पंपासारखी चालते. पाणी ओढलं जातं, चोचीच्या कडांच्या बारीक जाळीतून बाहेर पडतं आणि शेवाळ, अळ्या, कवचधारी सूक्ष्म जीव आत राहतात. पायांनी तो जागच्या जागी चिखल ढवळत असतो. पंखांचा गुलाबी रंग याच खाण्यातून येतो. म्हणून थव्यात मळकट, राखी रंगाचे दिसले तर ती वेगळी जात नव्हे, ती पिल्लं. आता एक कडू गोष्टही सांगायला हवी. मुळा-मुठेतून पुण्याचं मैलापाणी याच भीमेत येतं आणि त्यातल्या पोषक द्रव्यांवर इथे शेवाळ माजतं. पक्ष्यांना ते काही काळ मानवत असेल, पण काठावर राहून तेच पाणी वापरणाऱ्या माणसांना नाही.

फोटोसाठी ‘थवा उडवून दाखवा’ अशी गळ होडीवाल्याला घालणारे लोक इथे भेटतात. जादा पैसे देऊन हे करवून घेणाऱ्यांपेक्षा पैसे नसलेला पर्यटक कितीतरी परवडला. पक्षी उडाला की त्याचं खाणं थांबतं आणि लांबच्या परतीसाठी साठवलेली चरबी खर्ची पडते. होडी लांब उभी करून इंजिन बंद करायला सांगावं.

दुपारच्या जेवणात चिलापी. ज्वारीची भाकरी, झणझणीत रस्सा आणि तव्यावर कुरकुरीत केलेला मासा. चिलापी म्हणजे तिलापिया; आफ्रिकेतल्या नद्या-तळ्यांतला हा मासा १९५२मध्ये भारतात आणला गेला. कमी खाऊन, गढूळ पाण्यातही भराभर वाढतो, म्हणून मासेमारांना तो पोटाला आधार झाला. आणि त्याच गुणांमुळे स्थानिक माशांची जागाही त्याने बळकावली. रोहू-कटल्यापेक्षा तो स्वस्त मिळतो. काटे मोजके, त्यामुळे मुलांनाही देता येतो.

उन्हाळ्यात आलात तर पळसदेवला थांबा. धरणात बुडालेलं पळसनाथाचं जुनं दगडी मंदिर पाणी फार खाली गेलं की वर येतं. दरवर्षी येईलच असं नाही, तेव्हा आधी गावात चौकशी करावी. मंदिर उघडं पडल्याची बातमी झळकली की हौशी लोक गर्दी करतात. ज्यांची घरं-शेतं या पाण्याखाली गेली त्यांच्यासाठी मात्र तो दुष्काळाचा इशारा असतो.

आता गवताकडे. इंदापूर तालुक्यातली कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातलं शिरसुफळ या दोन ठिकाणी वनविभागाने गवताळ सफारी सुरू केली आहे. नोंदणी ऑनलाइन करायची, सोबत गावातलाच वाटाड्या मिळतो. इथेही गाडीचा खर्च वाटून घेतला तर हलका होतो. कुसळी आणि मारवेल गवत, मध्ये मध्ये हिवर, बोर, तरवड. पायमोजे घालून उतरलात तर कुसळं त्यात अशी रुततात की घरी येऊन एकेक उपटत बसावं लागतं. सुती विजार आणि बंद बूट बरे. पहाटे नशीब असेल तर लांडगा दिसतो. खोकड आणि चिंकारा दिसण्याची शक्यता त्याहून जास्त. चिंकारा पाण्यावाचून बराच काळ काढतो, चाऱ्यातल्या ओलाव्यावर त्याचं भागतं. थंडीत लांडग्यांची पिल्लावळ असते, तेव्हा बिळाजवळ नेण्याचा आग्रह धरू नये. चिंकाऱ्यासाठीच राखलेलं मयूरेश्वर अभयारण्य सुप्याजवळ आहे; १९९७मध्ये घोषित झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. मोरगावच्या गणपतीला जाणाऱ्या हजारो लोकांपैकी फार थोडे तिकडे वळतात.

हिवाळ्यात या गवतावर भोवत्या पक्षी तरंगताना दिसतात. माँटेग्यूचा भोवत्या मध्य आशियातून इकडे येतो, नाकतोडे खातो आणि रात्री गवतातच जमिनीवर मुक्काम करतो. त्याच जातीचे युरोपातले पक्षी हिवाळा काढायला सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, चाडसारख्या देशांतल्या गवतावर जातात. पक्ष्यांच्या लेखी चाड आणि इंदापूर एकाच कामाच्या जागा आहेत.

आपल्या लेखी मात्र ही ‘पडीक’ जमीन. इंग्रजांच्या काळापासून महसुलाच्या कागदांवर हाच शिक्का बसला आणि पुढे झाडं लावून ती ‘सुधारण्याची’ टूम निघाली. चर खणून इथे दाट झाडं लावली की धाविक, चंडोल, भाट तित्तर यांची घरं मोडतात आणि धनगरांची चराईही जाते. पूर्वी इथे जंगल होतं, ते तोडल्यामुळे माळ झाला, हा समजही तपासून पाहावा लागेल. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांचं २०२५मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन या दृष्टीने मोलाचं आहे. त्यांनी जुनं मराठी संतसाहित्य, आख्यानं आणि लोकगीतं यांतली झाडाझुडपांची वर्णनं तपासली, तर पश्चिम महाराष्ट्राचा हा कोरडा पट्टा किमान साडेसातशे वर्षं असाच मोकळा, काटेरी आणि गवताळ असल्याचं दिसलं. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात कान्होपात्रेच्या कथेशी जोडलेलं तरटीचं झाड आहे. तरटीही याच कोरड्या माळांची.

शहरांत उरलेला एक दिवस पुरतो. बारामतीत कऱ्हाकाठची जुनी देवळं आहेत. आर्या लिहिणारे मोरोपंत (१७२९–१७९४) बाबूराव नाइकांच्या आश्रयाने याच गावी राहिले. इंदापुरात मालोजीराजांची गढी आणि जवळच चाँदशहावलींचा दर्गा आहे. चालत दोन्ही होतात. जिल्ह्याच्या पार टोकाला नीरा-भीमेच्या संगमावरचं नीरा नरसिंहपूर आहे. तिथे वेळ काढून जावं, घाट शांत आहे.

आषाढात याच रस्त्याने देहूहून तुकोबारायांची पालखी जाते. बारामती, काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी ती वाट. काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतो आणि मेंढ्या पालखीभोवती धावत रिंगण घालतात. बेलवाडीला घोड्याचं गोल रिंगण होतं. पाहायला तिकीट नाही, गावोगावी जेवणही आग्रहाने वाढलं जातं. पण ते जेवण वारकऱ्यांसाठी शिजलेलं असतं. नुसतं पाहायला आलेल्याने आपली भाकरी बांधून न्यावी आणि पंगतीत बसलाच तर नंतर वाढायला उभं राहावं. त्या दिवसांत महामार्गावरची वाहतूक वळवलेली असते, एसटीचे थांबे बदलतात. बेलवाडीचं रिंगण गाठायचं असेल तर आदल्या रात्री काटेवाडीच्या पुढे सणसरला, पालखीच्या मुक्कामी पोहोचून, पहाटे दिंड्यांबरोबर चालत निघणं हाच सोपा मार्ग.