नववा तास आणि दहावा वाटा

इंग्रजीत दुपारी बाराच्या वेळेला 'नून' म्हणतात. हा शब्द मूळचा लॅटिन 'नोना', म्हणजे नववी. आपल्या 'नवम'चाच तो दूरचा भाऊबंद. मग बाराला नववी का म्हणावे? शाळा लवकर सुटलेल्या आम्हांला हे कोडे पडले, कारण जेवणाची सुट्टी कितीला द्यावयाची यावर आम्ही मालकांशी पुष्कळ भांडलो आहोत.

उत्तर सापडते ते इंग्लंडातील मठांत. ५९७ साली रोमहून धाडलेला ऑगस्टीन केंटला पोहोचला, आणि त्याच्यामागून चर्चची लॅटिन व तिची कालगणना आली. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत बारा तास. नववा तास म्हणजे आपले तीनचे सुमार. तेव्हा मठात प्रार्थना होई. बीड नावाच्या साधूने ७३१ साली पुरा केलेला इतिहासग्रंथ सांगतो की, एडन या बिशपचा कित्ता गिरवून नॉर्थम्ब्रियातील व्रतस्थ स्त्रीपुरुष बुधवारी व शुक्रवारी नवव्या तासापर्यंत अन्नाला शिवत नसत. प्रार्थना अशी पोटाशी बांधलेली! पुढे ती अलीकडे सरकत बारावर आली, आणि चौदाव्या शतकापर्यंत 'नून' म्हणजे मध्यान्ह असे रूढ झाले. उपाशी साधूंनीच ती ओढून आणली, असे काही जण गमतीने म्हणतात. आम्हांला तरी ते पटते.

दुसरा शब्द 'टाइथ'. जुन्या इंग्रजीत तो नुसता 'दहावा'. पिकाचा, कोकरांचा दहावा वाटा चर्चला द्यावयाचा. आणि तोही बियाणे, मजुरी वजा न करता, खळ्यावरच्या एकूण राशीतून. आपल्याकडे 'चौथाई'त असाच आकडा लपला आहे.

एडगर राजाच्या (कारकीर्द ९५९ ते ९७५) कायद्यातील शिक्षा ऐकण्यासारखी आहे. वाटा न देणाऱ्याकडे राजाचा कारभारी, बिशपचा कारभारी व पुरोहित यांनी जावे. दहावा भाग चर्चसाठी उचलावा, नववा त्या माणसाला ठेवावा. उरलेल्या आठांतले चार जमीनदाराचे, चार बिशपचे. म्हणजे एक वाटा अडविणाऱ्याच्या पदरी दहांतला एकच! कामावर उशीर झाला म्हणून दिवसाचा रोज कापणारे मुकादम आम्ही पाहिले आहेत. पण हा हिशेब त्यांनाही सुचला नसता.

धान्याऐवजी रोख पैसे घ्यावेत असे १८३६च्या कायद्याने ठरले. शब्द मात्र 'दहावा' हाच राहिला.