मावळ तालुक्यातील अग्निशमन सेवा

मावळ तालुक्यातील अग्निशमन सेवा म्हणजे पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील मावळ तालुक्यात आग विझविणे, अपघातातून सुटका करणे आणि पूर, दरड, वणवा अशा आपत्तींत मदत करणे ही कामे पार पाडणाऱ्या निरनिराळ्या यंत्रणांची व्यवस्था होय. ही एकच एक संस्था नाही. तळेगाव दाभाडे व लोणावळा या नगरपरिषदांची दले, देहूरोड कटक मंडळाची यंत्रणा, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे तळेगाव येथील दल, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे (पीएमआरडीए) दल आणि द्रुतगती मार्गावरील आपत्कालीन पथके आपापल्या हद्दीत काम करतात आणि मोठ्या प्रसंगी एकत्र येतात. पूर्वेला लागून असलेल्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचे दल आणि बोरघाटाच्या पायथ्याचे खोपोलीचे दल यांचीही मदत घेतली जाते.

== भौगोलिक पार्श्वभूमी ==

आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ या तीन खोऱ्यांत तालुक्याची बहुतेक गावे विखुरलेली आहेत. पुणे-लोणावळा लोहमार्ग, जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि २००२ साली पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग हे तिन्ही या तालुक्यातून जातात. देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली आणि लोणावळा ही लोकलची स्थानके एका ओळीत मांडली, की अग्निशमनाच्या दृष्टीने तालुक्याचा कणा समोर येतो. मोठी वस्ती, कारखाने व वाहतूक याच पट्ट्यात आहे आणि बंबही याच पट्ट्यात उभे असतात. खोऱ्यांच्या टोकाची गावे मात्र या कण्यापासून दूर, वळणाच्या अरुंद रस्त्यांवर आहेत.

घोरावाडी हे लहानसे स्थानक या संमिश्र परिस्थितीचे चांगले उदाहरण आहे. त्याच्या एका बाजूस देहूरोडचा लष्करी परिसर, दुसऱ्या बाजूस तळेगावची नागरी वस्ती आणि जवळच घोराडेश्वराचा डोंगर आहे. देहूरोड येथील दारूगोळा भांडाराभोवती बांधकामास प्रतिबंध असलेले क्षेत्र आहे. स्थानिक लोक त्यास 'रेड झोन' म्हणतात. अशा ठिकाणी आगीची वर्दी आली, तर ती नेमकी कोणाच्या हद्दीतील, हा प्रश्न कागदावर महत्त्वाचा असतो. प्रत्यक्षात जो बंब आधी पोहोचू शकतो तो निघतो, आणि हद्दीचा हिशेब नंतर होतो.

== कायदेशीर आधार ==

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा नागरी स्थानिक संस्थांचा विषय म्हणून नोंदविला आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ अन्वये आग विझविणे आणि आगीच्या वेळी जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य आहे. ग्रामपंचायतींच्या बाबतीत चित्र निराळे आहे. स्वतःचे अग्निशमन दल ठेवणे त्यांच्या आर्थिक आवाक्याबाहेरचे असते. त्यामुळे खेड्यातील गोठ्याला किंवा गवताच्या गंजीला आग लागली, तर बंब दुसऱ्या संस्थेचाच येतो. २०१५ साली स्थापन झालेल्या पीएमआरडीएच्या दलामुळे ग्रामीण भागाला काही आधार मिळाला. अंतराचा प्रश्न मात्र पूर्णतः सुटलेला नाही.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ या कायद्याने इमारतीतील अग्निसुरक्षेची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. बसविलेली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे अनुज्ञप्तीधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलै अशा दोन वेळा सादर करावे लागते. हे प्रमाणपत्र 'नमुना ब' या नावाने ओळखले जाते. अनेक गृहनिर्माण संस्थांत हा कागद वेळेवर तयार होतो, पण जिन्यातील नळकांडी कशी वापरावी हे एकाही रहिवाशास ठाऊक नसते.

== पदे व दैनंदिन काम ==

दलातील साध्या जवानास 'फायरमन' किंवा शासकीय भाषेत 'अग्निशामक विमोचक' म्हणतात. विमोचक म्हणजे सुटका करणारा. आग विझविण्याइतकेच हे दुसरे काम मोठे असल्याने हा शब्द योग्यच आहे. जवानांच्या तुकडीच्या प्रमुखास पुणे परिसरात 'तांडेल' म्हणण्याची रूढी आहे. मूळचा हा शब्द गलबतावरील खलाशांच्या म्होरक्याचा. त्यावर उप अधिकारी, केंद्र अधिकारी अशी पदे असतात. गाडी चालविणारा चालकच घटनास्थळी पंपही चालवीत असल्याने त्यास चालक-यंत्रचालक असे म्हटले जाते.

पाळी बदलताना हजेरी होते व गाडीची तपासणी केली जाते. टाकीत पाणी पूर्ण आहे का, डिझेल, बॅटरी, ब्रेकमधील हवेचा दाब, होज, नोझल, दोर, शिडी आणि श्वसनयंत्राच्या सिलिंडरमधील दाब अशी ती यादी असते. हे काम कंटाळवाणे वाटते. परंतु तपासणीत निसटलेली अर्धी रिकामी टाकी आगीसमोर उभे राहिल्यावर भरता येत नाही.

पाण्याचा हिशेब प्रत्येक जवानास तोंडपाठ असावा लागतो. एका सर्वसाधारण बंबात सुमारे ४,५०० लिटर पाणी मावते. एका नोझलमधून मिनिटाला ४५० लिटर पाणी सोडले, तर ते १० मिनिटांत संपते. दोन नोझल चालविल्यास ५ मिनिटांत. म्हणून पहिला बंब पोहोचताच दुसरे पाणी कोठून येणार हे ठरवावे लागते. मावळात नद्या, ओढे व धरणे असूनही हे सोपे नाही. पंपाने खालचे पाणी ओढून घेण्याची व्यावहारिक मर्यादा साधारण ७ मीटर आहे, आणि उन्हाळ्यात विहिरीचे पाणी बहुधा त्याहून खाली गेलेले असते.

== प्रशिक्षण ==

राज्यातील जवानांसाठी मुंबईत सांताक्रूझच्या विद्यानगरी परिसरात राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्र असून तेथील मूळ अभ्यासक्रम सहा महिन्यांचा आहे. अधिकाऱ्यांचे उच्च प्रशिक्षण नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात होते. ही संस्था १९५६ साली सुरू झाली.

प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे कवायत. होज अंथरणे, जोडणे व गुंडाळणे, शिडी उभी करणे, बेशुद्ध माणसास खांद्यावर घेऊन उतरणे आणि दोराच्या गाठी मारणे या क्रिया इतक्या वेळा करून घेतल्या जातात, की अंधारात व धुरात हात आपोआप चालावेत. 'चेअर नॉट' या गाठीत दोन फास असतात. एक काखेखाली व दुसरा गुडघ्यांखाली घालून माणसास उंचावरून खाली सोडता येते.

श्वसनयंत्राचे शिक्षण सर्वांत कठीण मानले जाते. ६ लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाने भरला, की त्यात साधारण १,८०० लिटर हवा असते. कष्टाच्या कामात मिनिटाला ४० लिटर हवा लागते असे धरले, तर ती कागदोपत्री ४५ मिनिटे पुरते. परंतु घाबरलेला किंवा दमलेला मनुष्य याहून जास्त हवा घेतो, आणि परतीच्या वाटेसाठी साठा राखावाच लागतो. दाब सुमारे ५० बारपर्यंत उतरला की शिटी वाजू लागते. ती ऐकून निघण्याचे ठरविणारा जवान उशीर करीत असतो; शिटी वाजेल तेव्हा तो दाराबाहेर असला पाहिजे, अशी शिकवण आहे.

मावळातील जवानांना याखेरीज रसायनांची तोंडओळख आवश्यक असते, कारण द्रुतगती मार्गावरून व तळेगाव-चाकण रस्त्यावरून टँकरची वाहतूक सतत चालते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार धोकादायक माल नेणाऱ्या वाहनावर माहितीफलक लावणे बंधनकारक आहे. त्यावर मालाचा चार अंकी संयुक्त राष्ट्र क्रमांक असतो: पेट्रोल १२०३, मिथेनॉल १२३०, द्रवरूप पेट्रोलियम वायू १०७५. हा क्रमांक दुरून, शक्य तर दुर्बिणीतून वाचून मगच जवळ जावे, असा नियम आहे. मिथेनॉलची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही आणि अल्कोहोल वर्गातील द्रव साधा फेस मोडून टाकतात; त्यांच्यासाठी वेगळा, अल्कोहोलरोधक फेस लागतो. क्रमांक न वाचता मारलेला फेस वाया जातो आणि जवानही धोक्यात येतो.

दर वर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर आग लागून स्फोट झाले व त्यात ६६ अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले, त्यांचे हे स्मरण आहे. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापूस होता.

== बिनतारी संपर्क ==

दलांच्या संपर्कासाठी प्रामुख्याने व्हीएचएफ पट्ट्यातील वॉकीटॉकी व गाडीतील बिनतारी संच वापरले जातात. वारंवारतेचा परवाना केंद्रीय दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडून घ्यावा लागतो. या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की आवाज तुटतो. बोरघाटात, कामशेतच्या बोगद्यात किंवा पवन मावळातील एखाद्या खोलगट वाडीत हातातील संचावरून केंद्राशी बोलता येईलच, असे नाही. यावर उपाय म्हणजे उंचावर बसविलेले पुनर्प्रक्षेपक, ज्यांना रिपीटर म्हणतात. ते नसतील, तर एका जवानास संच देऊन चढावर उभे करणे हा जुना उपायही कामी येतो. मोबाइलवर फार विसंबता येत नाही. घाटात काही ठिकाणी संकेत मिळत नाही आणि मोठ्या अपघातात हजारो लोक एकाच वेळी फोन लावत असल्याने जाळे तुंबते.

संचावर बोलण्याची शिस्त ठरलेली आहे. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलावे, नाही तर पहिले अक्षर कापले जाते. आधी ज्यास हाक मारायची त्याचे नाव, मग स्वतःचे. एका वेळी एकानेच बोलावे आणि मिळालेला संदेश परत वाचून दाखवावा. मराठीत आकड्यांची एक खास अडचण आहे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट यांत खरखरीमधून फरक कळत नाही. म्हणून 'पाच नऊ', 'सहा नऊ' असे सुटे अंक उच्चारणे सुरक्षित ठरते.

स्थळनामांचा घोटाळा त्याहून गंभीर असतो. वडगाव एक मावळात, तर आणखी वडगावे पुणे शहरालगत. कुसगावे तालुक्यातच एकाहून अधिक. कुणे आणि कान्हे ही नावे घाईत एकसारखी ऐकू येतात, पण एक खंडाळ्याजवळ आणि दुसरे कामशेतच्या अलीकडे आहे. घोरावाडी स्थानक आणि घोराडेश्वराचा डोंगर यांचीही अशीच गल्लत होऊ शकते. वर्दी देणाऱ्याने १०१ किंवा ११२ वर गावाबरोबर जवळचा फाटा, स्थानक, मंदिर किंवा द्रुतगती मार्गावरील किलोमीटरचा दगड आणि मुंबईकडील की पुण्याकडील मार्गिका हे सांगितले, तर बंब चुकीच्या बाजूस जात नाही. द्रुतगती मार्गावर चुकीच्या मार्गिकेत शिरलेल्या गाडीस पुढील निर्गमापर्यंत वळता येत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

निरनिराळ्या यंत्रणांचे संच निरनिराळ्या वारंवारतांवर असतात, त्यामुळे एकाच जागी उभे असूनही त्यांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही. अशा वेळी प्रत्येक यंत्रणेचा एक माणूस आपल्या संचासह घटना नियंत्रण अधिकाऱ्याजवळ उभा करतात.

== परस्पर साहाय्य ==

एका दलाने दुसऱ्याच्या हद्दीत मदतीस जाणे, यास परस्पर साहाय्य म्हणतात. कारखान्यांच्या बाबतीत त्याला नियमांची चौकट आहे. धोकादायक रसायने हाताळणाऱ्या कारखान्यास आवारातील आपत्कालीन योजना करावी लागते, आणि आवाराबाहेरील योजना जिल्हा पातळीवर असते. १९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनी स्थानिक, जिल्हा, राज्य व केंद्र अशा पातळ्यांवर आपत्ती गट नेमले आहेत. मावळच्या शेजारील दोन दुर्घटना ही चौकट कशासाठी हे दाखवितात. ७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यातील उरवडे येथे एका रसायन कारखान्याला आग लागून १७ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या शोभेच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या जागेत आग लागली. तेथे सहा जण जागीच मरण पावले व पुढे उपचारादरम्यान मृतांची संख्या वाढली.

१३ जून २०२३ रोजी द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ कुणे येथील पुलावर ज्वलनशील द्रव नेणारा टँकर उलटून पेटला. जळता द्रव पुलाखालील रस्त्यावर सांडला. चौघांचा मृत्यू झाला. त्यांत खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांचाही समावेश होता. दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवावी लागली. अग्निशमन दलांबरोबर महामार्ग पोलीस आणि लोणावळ्यातील नौदलाच्या आयएनएस शिवाजी या तळाची पथके मदतीस आली. आग वर आणि खाली अशा दोन पातळ्यांवर असल्यास दोन स्वतंत्र तुकड्या व त्यांच्यात सतत संपर्क लागतो, हे या घटनेत ठळकपणे दिसले.

१५ जून २०२५ रोजी, रविवारी दुपारी, तळेगावनजीक कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. चौघे मृत्युमुखी पडले आणि ५० हून अधिक जखमी झाले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी मावळातीलच सुदुंबरे येथे असल्याने ती लवकर पोहोचली. सोबत अग्निशमन दले आणि स्थानिक स्वयंसेवकही होते. लोणावळ्याचे 'शिवदुर्ग मित्र' आणि 'वन्यजीव रक्षक मावळ' हे गट दरी, धबधबा व पुराच्या कामात अनुभवी मानले जातात. भुशी धरणामागील धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हाही शोधकार्यात स्वयंसेवक होते.

परस्पर साहाय्याचे यश पुष्कळदा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर ठरते. सर्व दलांचे होज ६३ मिलिमीटर व्यासाचे आणि एकाच प्रमाणाच्या जोडणीचे असतील, तरच एका बंबाचे पाणी दुसऱ्याच्या होजमधून जाते. आदेश कोणी द्यायचा हे आधी ठरलेले असावे लागते. आलेल्या प्रत्येक पथकाने आपली नावनिशी एका ठिकाणी नोंदवावी लागते, नाही तर आत गेलेले किती आणि परतलेले किती हे कळत नाही. स्वयंसेवकांच्या बाबतीत ही नोंद विशेष महत्त्वाची ठरते, कारण ते निरनिराळ्या वाटांनी, निरनिराळ्या वेळी येतात.

== वणवे ==

साधारण फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंत घोराडेश्वर, भंडारा डोंगर, लोहगड, विसापूर, तिकोना या परिसरातील वाळलेले गवत पेटण्याचा धोका असतो. डोंगरावर बंब चढत नाही. येथे झोडपणी हेच मुख्य साधन असते: हिरव्या फांद्यांनी ज्वाला झोडपून विझविणे आणि पुढील पट्ट्यातील गवत काढून आगीचे खाद्य तोडणे. वनविभाग उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा आखतो. ठरावीक रुंदीचे गवत नियंत्रितपणे जाळून मोकळा पट्टा ठेवला जातो. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगींचे इशारे पाठविते, परंतु डोंगरापर्यंत चालत जाणारी माणसे गावातलीच असतात. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. पावसाळ्यात गवत चांगले येते या समजुतीने डोंगर पेटविण्याची प्रथा तरीही पूर्णपणे थांबलेली नाही. वणवा उताराच्या दिशेने खाली हळू व चढावर फार वेगाने पसरतो, म्हणून विझविणाऱ्याने ज्वालेच्या वरच्या अंगास कधीही उभे राहू नये, आणि आधीच जळून गेलेल्या काळ्या जमिनीकडे परतीची वाट मोकळी ठेवावी.