नागरिकाचे नाव : 'बंगाली' की 'बांगलादेशी'?

मागील व्याख्यानात आपण राष्ट्र आणि राज्यसंस्था या दोन कल्पनांमधील फरक पाहिला. राष्ट्र म्हणजे आपण एक आहोत असे मानणाऱ्या माणसांचा समूह, आणि राज्यसंस्था म्हणजे कायदा, कर, सीमा, पासपोर्ट हे सगळे चालवणारी यंत्रणा. त्यावर काही श्रोत्यांनी विचारले होते की हा फरक पुस्तकी नाही का? व्यवहारात त्याने काय बिघडते? आज त्याचेच उत्तर आपण एका शेजारी देशाच्या उदाहरणावरून पाहू. तो देश बांगलादेश, आणि प्रश्न एवढाच की तिथल्या नागरिकांनी स्वतःला काय म्हणवून घ्यायचे.

आधी एका शब्दाचा उलगडा करून घेऊ, कारण मराठी माणूस तिथे हमखास अडखळतो. ढाक्याच्या संसदेचे अधिकृत नाव 'जातीय संसद' असे आहे. आपण दचकतो. जातीय म्हटलं की आपल्याला तणाव आठवतो, नाहीतर जातपंचायत! पण बंगाली भाषेत 'जाति' म्हणजे राष्ट्र. 'जातीय' म्हणजे राष्ट्रीय. आता त्याच भाषेत डोंगराळ भागातल्या चकमा, मारमा, त्रिपुरा, म्रो अशा लोकांसाठी सरकारी शब्द काय, तर 'उपजाति'. म्हणजे मोठे लोक ते राष्ट्र आणि हे लोक उप-राष्ट्र. हा 'उप' आपण लक्षात ठेवू, त्याची गरज पुढे लागणार आहे.

माणसाच्या नावामागे तीन वेगवेगळे प्रश्न असतात. पहिला, मी कोण? म्हणजे माझी भाषा, माझे पूर्वज, माझे सण. दुसरा, कायद्याने मी कोणत्या राज्याचा सदस्य? आणि तिसरा, मला हे नाव दिले कोणी, मी स्वतः की दुसऱ्याने? ज्याच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकच येतात, त्याला हे तीन प्रश्न आहेत हेच कळत नाही. ज्याची उत्तरे वेगळी येतात, त्याला ते रोज कळते.

आता इतिहास. १९४७ साली पाकिस्तान झाला तेव्हा त्याच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक लोक पूर्वेकडचे, बंगाली बोलणारे होते. तरीही १९४८ च्या मार्चमध्ये जीनांनी ढाक्यात जाहीर केले की राज्यभाषा उर्दूच राहील. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी भाषेच्या मागणीसाठी निघालेल्या विद्यार्थ्यांवर ढाक्यात गोळीबार झाला. पुढे १९५५ साली 'पूर्व बंगाल' हे प्रांताचे नावच पुसून 'पूर्व पाकिस्तान' केले गेले. म्हणजे भाषा नाकारली, मग नाव नाकारले. १९६९ च्या डिसेंबरमध्ये शेख मुजीबुर रहमान यांनी या भूमीला यापुढे 'बांगलादेश' म्हणावे असे जाहीर केले, त्यामागे हा सगळा सल होता. १९७१ च्या युद्धानंतर देश स्वतंत्र झाला, तेव्हा 'आम्ही बंगाली' हे वाक्य तिथे रक्ताच्या किमतीने मिळवलेले होते. हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढच्या चुकीवर बोट ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

कारण पुढे जे झाले ते विजयाच्या आनंदात झाले. १९७२ च्या संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदात अशी तरतूद आली की बांगलादेशाचे नागरिक 'बंगाली' म्हणून ओळखले जातील. देशातले सुमारे ९८ ते ९९ टक्के लोक बंगालीच आहेत, त्यामुळे बहुतेकांना यात काही वावगे दिसले नाही. पण संविधान सभेत डोंगराळ चितगावचे एक अपक्ष सदस्य बसलेले होते. त्यांचे नाव मानवेंद्र नारायण लारमा, वय अवघे तेहेतीस. ३१ ऑक्टोबर १९७२ रोजी ही दुरुस्ती मांडली गेली तेव्हा ते उभे राहिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता : मी चकमा आहे. माझे वाडवडील कधी बंगाली नव्हते. मी या देशाचा नागरिक आहे, म्हणून मी बांगलादेशी आहे. पण बंगाली नाही. सभागृहाने ते मान्य केले नाही. दुरुस्ती मंजूर झाली आणि लारमा निषेध म्हणून बाहेर पडले.

इथे थोडे थांबू, कारण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे एक महत्त्वाचा मुद्दा दिसतो. 'या देशातले बहुतेक नागरिक बंगाली आहेत' हे वर्णन आहे. ते खरे की खोटे हे तपासता येते. 'नागरिक बंगाली म्हणून ओळखले जातील' हे वर्णन नाही, तो आदेश आहे. आदेश खोटा ठरत नाही, तो फक्त पाळला जातो किंवा नाकारला जातो. लारमा वर्णनाच्या भाषेत बोलत होते : हे माझ्याबद्दल खरे नाही. सभागृह आदेशाच्या भाषेत बोलत होते : यापुढे असे असेल. दोघांचा संवादच होऊ शकला नाही तो यामुळे. सभागृहाला हे लक्षात आले नाही की वीस वर्षांपूर्वी उर्दूबाबतही कराचीहून असाच आदेश आला होता.

"एका शब्दासाठी एवढं काय?" असं कुणी विचारेल. तर डोंगरी लोकांसाठी तो एक शब्द नव्हता. दहाच वर्षांपूर्वी, १९६२ साली, कर्णफुली नदीवर काप्ताई धरण पूर्ण झाले. त्यात त्या भागातली सुमारे ४० टक्के शेतजमीन बुडाली आणि सुमारे एक लाख लोक विस्थापित झाले. त्यातले हजारो चकमा सीमा ओलांडून भारतात आले. आजच्या अरुणाचल प्रदेशात त्यांचा नागरिकत्वाचा प्रश्न दीर्घकाळ कोर्टकचेऱ्यांत राहिला. जमीन आधीच गेलेली होती. आता नावही जात होते. लारमांच्या नेतृत्वाखाली १९७२ सालीच 'जन संहति समिती' स्थापन झाली, तिची पुढे सशस्त्र शाखा निघाली आणि दोन दशके तो भाग धुमसत राहिला. लारमा स्वतः १९८३ साली संघटनेतल्याच विरोधी गटाच्या हल्ल्यात मारले गेले. संघर्षाला फक्त अनुच्छेद सहा कारणीभूत होता असे आम्ही म्हणणार नाही. जमीन, धरण, सत्ता ही कारणे होतीच. पण नावाने त्या सगळ्या कारणांना एक वाक्य मिळवून दिले : हा देश आपला नाही.

आता कथेला वळण मिळते. १९७५ साली मुजीब यांची हत्या झाली आणि यथावकाश जनरल झियाउर रहमान सत्तेवर आले. त्यांच्या लष्करी राजवटीत सहावा अनुच्छेद बदलला : नागरिक 'बांगलादेशी' म्हणून ओळखले जातील. १९७९ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने त्यावर शिक्कामोर्तब झाले. म्हणजे लारमा जे मागत होते, नेमका तोच शब्द! मग प्रश्न मिटला का? नाही मिटला. का, ते पाहू.

झियांचा हेतू वेगळा होता. 'बंगाली' म्हटले की कोलकात्याचा माणूसही त्यात येतो. मग आपला वेगळेपणा तो कोणता, हा त्यांचा प्रश्न होता. त्याच काळात संविधानातून धर्मनिरपेक्षता वगळली गेली आणि आरंभी 'बिस्मिल्ला' आले. म्हणजे 'बांगलादेशी' हा शब्द भाषेच्या कुंपणातून बाहेर पडला, पण धर्माच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिला. आणि डोंगरात काय झाले? त्याच राजवटीत सपाटीवरच्या बंगाली कुटुंबांना सरकारी मदत देऊन लाखोंच्या संख्येने डोंगरी भागात वसवायला सुरुवात झाली. कागदावर चकमा माणसाला त्याचे नाव परत मिळाले आणि जमिनीवर तो आपल्याच गावात अल्पसंख्य होऊ लागला. यातून आपण काय शिकायचे? सर्वांना सामावणारा शब्द आवश्यक आहे, पण तो पुरेसा नाही. नाव हे दार आहे. दार उघडे ठेवून आतली घरे दुसऱ्यालाच वाटून टाकली, तर त्या दाराचा उपयोग काय?

या दोन शब्दांभोवती तिथे पक्ष उभे राहिले. मुजीबांचा वारसा सांगणारे 'बंगाली' म्हणत, झियांचा वारसा सांगणारे 'बांगलादेशी'. पाचवी घटनादुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अवैध ठरवली, पण नागरिकांची 'बांगलादेशी' ही ओळख मात्र राहू दिली. २०११ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने मग दोन्ही शब्द एकाच कलमात आणले : जनता राष्ट्र म्हणून 'बंगाली' आणि नागरिक म्हणून 'बांगलादेशी'.

वरवर पाहता हा उत्तम समझोता वाटतो, नाही का? आपण सुरुवातीला केलेला राष्ट्र आणि राज्यसंस्था हा फरकच संविधानात आला. पण नीट बघा. या कलमात कोणाला दोन नावे मिळाली आणि कोणाला एक? बहुसंख्य माणूस राष्ट्र म्हणूनही आत आहे आणि नागरिक म्हणूनही. चकमा माणूस नागरिक म्हणून आत आहे. राष्ट्र म्हणून त्याला एकतर बंगाली व्हायचे आहे, नाहीतर बाहेर राहायचे आहे. त्याच दुरुस्तीत त्यांच्या संस्कृतीच्या संरक्षणाचे कलमही आले, पण त्यात शब्द कोणते? 'उपजाति', 'क्षुद्र जातिसत्ता' असे. बंगालीत 'क्षुद्र' म्हणजे केवळ लहान, हे खरे. तरीही 'जाति' एकांची आणि 'उप' व 'क्षुद्र' दुसऱ्यांचे, ही उतरंड तशीच राहिली. त्या लोकांची मागणी होती 'आदिवासी' या शब्दाची. ती मान्य झाली नाही, कारण त्या शब्दाबरोबर जमिनीवरचा हक्क येतो. इथे आपला तिसरा प्रश्न आठवा : नाव दिले कोणी?

हा वाद जुना झालेला नाही. २०२५ च्या जानेवारीत तिथल्या संविधान सुधारणा आयोगाने शिफारस केली की 'राष्ट्र म्हणून बंगाली' हे विधान वगळावे आणि नागरिकांना केवळ 'बांगलादेशी' म्हणावे. आणि त्याच महिन्यात एका शालेय पुस्तकाच्या मलपृष्ठावरचे 'आदिवासी' हा शब्द असलेले चित्र काढून टाकले गेले, आणि त्याचा निषेध करायला ढाक्यात जमलेल्यांना मारहाण झाली. एकीकडे शब्द रुंद होतोय, दुसरीकडे अरुंद. दोन्ही एकाच वेळी चालू असते, हे अशा राजकारणाचे लक्षणच आहे.

आणखी एक गट पाहू. १९४७ नंतर बिहार आणि आसपासच्या भागांतून गेलेले उर्दूभाषक लोक. १९७१ नंतर ते छावण्यांत राहिले आणि त्यांना नाव मिळाले 'अडकलेले पाकिस्तानी'. त्या छावण्यांत जन्मलेल्या, पाकिस्तान कधीही न पाहिलेल्या मुलांनाही तेच नाव! २००८ साली ढाक्याच्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला की १९७१ साली जे अल्पवयीन होते किंवा त्यानंतर जन्मले ते बांगलादेशाचे नागरिक आहेत, त्यांना मतदार यादीत घ्या. त्यांची भाषा बदलली नाही, त्यांचे घर बदलले नाही. फक्त नाव बदलले, आणि त्याबरोबर मतदान आले.

याला एक गंभीर आक्षेप आहे, तो टाळून चालणार नाही. आक्षेपक म्हणेल : केवळ कायद्याच्या नावावर कोणी जीव टाकत नाही. 'नागरिक' या कोरड्या शब्दासाठी १९५२ चे विद्यार्थी रस्त्यावर आले असते का? ते भाषेसाठी आले. राष्ट्राला ऊब लागते. हे खरे आहे, आणि आम्ही ते नाकारत नाही. बंगाली माणसाने बंगाली असण्याचा अभिमान जरूर बाळगावा. प्रश्न एवढाच की ती ऊब शेजाऱ्यावर सक्तीने पांघरायची का? १९५२ च्या विद्यार्थ्यांचे म्हणणे मुळात हेच होते की दुसऱ्याची भाषा आमच्यावर लादू नका. ते तत्त्व मानले तर ते चकमालाही लागू होते.

आपल्याकडेही याच गोंधळाची दुसरी बाजू दिसते. मुंबईत, दिल्लीत एखादा मजूर बंगाली बोलताना ऐकला की तो 'बांगलादेशी' असणार असा संशय घेतला जातो; मग तो मुर्शिदाबादचा, म्हणजे भारताचा नागरिक, का असेना. १९७२ च्या कलमाने नागरिकत्वावरून भाषा ठरवली, हा संशय भाषेवरून नागरिकत्व ठरवतो. चूक एकच, दिशा उलटी.

आणि घरातलेच बघायचे तर, मेळघाटातला कोरकू किंवा गडचिरोलीतला गोंड माणूस महाराष्ट्राचा आहे, याबद्दल वाद नाही. पण आपण भाषणात 'तमाम मराठी माणसांनो' म्हणतो तेव्हा तो त्यात आहे का? शब्द आकसतातही. टिळक-आगरकरांच्या पिढीने १८८१ साली साप्ताहिकाला 'मराठा' नाव दिले, अत्रे यांनी १९५६ साली दैनिकाला तेच नाव दिले. दोन्ही ठिकाणी तो शब्द सगळ्या मराठी लोकांसाठी होता. आज तो ऐकला की एक जात डोळ्यांसमोर येते. म्हणून कोणत्याही सामूहिक नावाला कसोटी लावायची ती अशी : हे नाव घेताना सर्वांत लहान गटातल्या माणसाला आपले दुसरे नाव खाली ठेवावे लागते का? आणि ते ठरवताना त्याला विचारले होते का?

मराठीला एक देणगी आहे, ती बंगालीला नाही आणि इंग्रजीलाही नाही. आपल्याकडे 'आम्ही' वेगळे आणि 'आपण' वेगळे. 'आम्ही' म्हणताना समोरचा बाहेर राहतो, 'आपण' म्हणताना तो आत येतो. राष्ट्राचे नाव पुष्कळदा 'आम्ही'चे असते आणि ते असायला हरकत नाही. नागरिकाचे नाव मात्र 'आपण'चे असावे लागते. लारमा त्या दिवशी सभागृहाकडे एवढेच मागत होते.

पुढील व्याख्यानात आपण याच्याशी जोडलेला प्रश्न घेऊ : राज्यभाषा एकच असावी का? त्यासाठी श्रीलंकेचा १९५६ चा सिंहली भाषेचा कायदा वाचून ठेवलात तर चर्चा सोपी जाईल. आज इथे थांबू.