कासवाच्या पिल्लाला आधी ऊन

कोल्हापूरजवळच्या उचगावात माझा दवाखाना म्हशींचा म्हणूनच ओळखला जातो. व्यालेली म्हैस बसली, रेडकाला हगवण लागली, कालवड उलटते, अशी कामं. पण हायवेच्या दोन्ही अंगांना कॉलन्या वाढल्या, उसाच्या जागी बंगले आणि अपार्टमेंट उभी राहिली, तसे दारात येणारे जीवही बदलले. हल्ली एखाद्या शाळकरी मुलाच्या हातात प्लास्टिकचा डबा असतो. डब्यात दोन बोटं पाणी आणि त्या पाण्यात पाच रुपयांच्या नाण्याहून थोडं मोठं, हिरवंगार कासवाचं पिल्लू. मागं आई उभी असते. "डॉक्टर, खातच नाही वो हे. सारखं झोपतंय."

मी आधी विचारतो, डबा घरात कुठं ठेवता? टीव्हीशेजारी, शोकेसमध्ये, देवघराच्या कट्ट्यावर. म्हणजे सावलीत. उन्हानं पिल्लू सुकेल, मरेल, ही भीती त्यामागं असते आणि ती मायेपोटीच असते. पण माझ्यापुढं आलेली बहुतेक आजारी पिल्लं उपाशी नव्हती, ती गार पडलेली होती. कासवाला स्वतःच्या अंगाची ऊब नसते. म्हशीचं शरीर थंडीतही आपलं तापमान राखतं. कासव ते बाहेरून घेतं. पाणी २० अंशांइतकं गार असेल तर पिल्लाचं पोट जवळजवळ थांबतं. त्यात जबरदस्तीनं काही भरवलं तर ते आतच कुजायला लागतं. म्हणून खात नाही अशी तक्रार आली की मी आधी थर्मामीटर मागतो. पाणी २६ ते २८ अंश आणि बसायची कोरडी जागा ३२ ते ३५ अंश, हे जमलं की पुष्कळशी पिल्लं आपसूक तोंड उघडतात.

तरी उपचाराआधी एक गोष्ट पाहावीच लागते: हे कासव कुठलं? डोळ्यामागं लाल पट्टा, बोटांमध्ये पडदे आणि पोटाकडून पिवळं, काळ्या ठिपक्यांचं असेल तर ते रेड इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. मत्स्यालयाच्या दुकानांतून मिळतं ते बहुधा हेच आणि या लेखातली देखभाल त्याच्याचसाठी आहे.

पाठ घुमटासारखी उंच, काळ्या कवचावर पिवळ्या किरणांच्या चांदण्या आणि पाय हत्तीसारखे खांबट असतील तर ते तारा कासव, लोक म्हणतात ते स्टार. ते जमिनीवरचं, कोरड्या झुडपी माळाचं. ते घरात ठेवता येत नाही. पाठ मऊ, कातडीनं झाकलेली आणि नाक नळीसारखं पुढं आलेलं असेल तर ते आपल्या विहिरी-तळ्यांतलं मऊ पाठीचं कासव. पावसाळ्यात ते रस्ता ओलांडतानाही दिसतं. तेही घरात ठेवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ साली त्यात झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि ही दोन्ही कासवं पहिल्या अनुसूचीत आहेत. शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५,००० रुपये दंड.

लोक म्हणतात, आम्ही काय त्याला मारणार आहे व्हय? प्रेमानंच सांभाळतोय. खरं आहे. पण दारात आलेल्या एका तारा कासवामागं किती मेली असतील, याचा विचार मनातून जात नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भारतातल्या एकाच भागातून वर्षाला किमान ५५,००० तारा कासवं पकडली जातात असं आढळलं. २०१९ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वात कडक बंदी आहे. आणि वीस नखांचं कासव घरात पैसा आणतं, ही समजूत अजूनही जीव घेते. तारा किंवा मऊ पाठीचं कासव कुणाकडे आलं असेल तर हवेशीर, कोरड्या खोक्यात शांत ठेवावं, काही भरवू नये आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. मी स्वतः तेच करतो. जखम असेल तर फोन करून होईपर्यंत मलमपट्टी.

आता ऊन. व्यालेली म्हैस बसते तेव्हा तिच्या रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं. शिरेतून कॅल्शियम दिलं की ती पाहता पाहता उठते आणि मालकाच्या चेहऱ्यावर रंग येतो. कासवाच्या पिल्लाचं दुखणंही पुष्कळदा कॅल्शियमचंच, पण ते इतक्या चटकन सुटत नाही. कवच हे हाडच आहे. बरगड्या आणि कणा त्यालाच जोडलेले असतात. वाढत्या पिल्लाला रोज नवं हाड तयार करायचं असतं, आणि आहारातलं कॅल्शियम हाडापर्यंत पोचायला डी-३ जीवनसत्त्व लागतं. ते तयार होतं कातडीत, उन्हातल्या अतिनील किरणांच्या यूव्हीबी भागामुळं. आमच्याकडं बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात घेऊन बसतात, मुडदूस होऊ नये म्हणून; पिल्लाचंही तसंच आहे. ऊन न मिळालेल्या पिल्लाचं कवच बोटानं दाबलं की दबतं, कडा वर वळतात, मागचे पाय ओढत चालतं. अगदी कोवळ्या पिल्लाचं कवच थोडं लवचीक असतंच, पण दिवसेंदिवस ते घट्ट व्हायला हवं, मऊ नव्हे.

खिडकीच्या काचेतून येणारं ऊन मात्र चालत नाही. काच प्रकाश आणि ऊब आत सोडते, यूव्हीबी अडवते. वर काचेच्या टाकीत थेट ऊन पडलं तर पाणी तापून पिल्लू शिजतं. उन्हात न्यायचं ते उघड्या घमेल्यात किंवा टबात: सकाळचं ऊन, अर्ध्या भागावर फळीची सावली, मधे एक पालथी कौलाची खापरी, म्हणजे त्याला चढून पूर्ण कोरडं होता येईल. कोरडं होणं महत्त्वाचं; सतत ओल्या कवचावर बुरशी धरते. वर जाळी हवीच. कावळा, घार, मांजर, मुंगूस, सगळ्यांनाच एवढं पिल्लू सोपं असतं. आणि माणसानं जवळ बसावं, मोबाईल घरात ठेवून.

अडचण येते जूनपासून. आमच्याकडं पाऊस लागला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, भिंतींना ओल येते. जानेवारीत दिवसा ऊन असतं, पण पहाटे पारा १४-१५ अंशांपर्यंत उतरतो. या महिन्यांत दिव्याशिवाय पर्याय नाही. दिवे दोन लागतात. ऊब देणारा साधा पिवळा, तारेचा बल्ब, कारण एलईडी ऊब देत नाही. आणि सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा यूव्हीबी दिवा. दोन्ही बसायच्या जागेवर, दिवसाला १० ते १२ तास, मधे काच किंवा प्लास्टिक न येता. यूव्हीबीचा दिवा दिसायला चालू असला तरी सहा महिने ते वर्षभरात त्याची यूव्हीबी देण्याची ताकद ओसरते. खोक्यावर लिहिलेली मुदत पाहून तो बदलावा. हा खर्च पिल्लाच्या किमतीपेक्षा जास्त येतो. हे मी आधीच सांगून टाकतो.

ऊब कासवाच्या आयुष्यात किती खोल शिरलेली आहे, हे कळायला वेळासला जावं. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं हे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून तिथं समुद्री कासवांच्या संवर्धनाचं काम उभं केलं. ऑलिव्ह रिडले मादीनं किनाऱ्यावर घातलेली अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून वाचवायला कुंपणातल्या वाळूत हलवतात, आणि खड्डा मूळ घरट्याइतकाच खोल घेतात. कारण वाळूची ऊब नुसती अंडी उबवत नाही, आत नर होणार की मादी हेही ठरवते. स्लायडरचंही तसंच: साधारण २९ अंशांच्या आसपास दोन्ही, त्याहून गार घरट्यात नर जास्त, उबदार घरट्यात माद्या. वेळासला आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते. बाहेर आलेल्या पिल्लांना कुणी भरवत नाही. पोटात उरलेल्या बलकावर ती पहिले काही दिवस काढतात. घरी आणलेलं अगदी नवं पिल्लूही म्हणूनच काही दिवस तोंड लावत नाही. पोटाला बलकाची गाठ दिसली तर ती ओढू नये, आपोआप आत जिरते.

खाण्याचं फार अवघड नाही. लहानपणी स्लायडर मांसाकडे जास्त झुकतो, मोठा होईल तसा पाल्याकडे. पाणकासवांसाठीचं गोळीखाद्य रोज, त्याच्या डोक्याएवढ्या मापाचं. जोडीला गांडुळाचा तुकडा. गोठ्यात म्हशींसाठी अझोला वाढवत असाल तर मूठभर टबात टाका. त्यासारखा ताजा, स्वस्त पाला नाही. समुद्रफेसाचा तुकडा काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, तो पाण्यात सोडला की पिल्लू कुरतडतं आणि कॅल्शियम मिळतं. पालक टाळावा, तो कॅल्शियम अडवतो. भात, चपाती, बिस्कीट, दूध नको. डोळे सुजून चिकटले तर बहुतेकदा अ जीवनसत्त्वाची कमतरता असते. गाजर, लाल भोपळा किसून देत जावं, पण डोळे मिटलेलं पिल्लू अन्न पाहूच शकत नाही, तेव्हा त्याला दवाखान्यातच आणायचं. एका बाजूला कलून तरंगत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील, मान वर ताणून श्वास घेत असेल तर न्यूमोनिया. त्या दिवशीच आणा. माणसाची औषधं घालू नका.

डब्यातलं ते दोन बोटं पाणीही कमी. पाणी निदान पिल्लाच्या रुंदीहून खोल हवं. उथळ पाण्यात उलटलेलं पिल्लू सरळ होऊ शकत नाही. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मग वापरावं, म्हणजे क्लोरीन उडतं. वेगळ्या वाटीत खायला घातलं तर पाणी कमी घाण होतं. आणि हात साबणानं धुवायचे, प्रत्येक वेळी. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हा जंतू असू शकतो. लहान मुलं आजारी पडू लागली म्हणून अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात पिल्लू देऊ नये, आणि त्याचा टब स्वयंपाकघरात धुऊ नये.

सगळं नीट झालं तर पुढची गोष्ट दुकानदार सांगत नाही: ते वाढतं. मादी २५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी. आयुष्य वीस-तीस वर्षं. घेऊन येणारा मुलगा सहावीत असेल तर त्याचं लग्न होईल तेव्हाही कासव घरात असेल. टाकी पुरेनाशी झाली की मग प्रश्न येतो, रंकाळा तलावात सोडू? कळंब्याला? नको. जगातल्या सर्वात घातक १०० आक्रमक परक्या प्रजातींच्या यादीत स्लायडर आहे. युरोपीय संघानं १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली. आपल्या ईशान्येकडच्या तळ्यांत तो मोकळा आढळलाय. तो आपल्या कासवांच्या उन्हाच्या जागा बळकावतो, त्यांचं अन्न खातो, रोग देतो. इथं तर एका तळ्यात सोडलेला जीव त्याच तळ्यात राहील याची खात्री नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगा किती पसरली होती, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

म्हणून कुणी घेण्याआधी विचारायला आलं तर मी घर पाहतो. उत्तरेकडं तोंड असलेला, बाल्कनी नसलेला फ्लॅट आणि दिव्याच्या खर्चाला तयारी नाही, तिथं मी नको म्हणतो, मूल रडलं तरी. जुन्या उचगावात मात्र अजून मागच्या दारी धुण्याच्या दगडाशेजारी हौद आहेत. त्यातला एक रिकामा हौद, ४०० लिटरच्या पुढचा, अर्ध्यावर ऊन पडणारा, एका कडेला चढायला उतरता कट्टा, उरलेल्या भागावर सावली, काठ वीतभर उंच आणि वर जाळी, एवढं असेल तर मोठ्या कासवाला याहून चांगली जागा शहरातल्या कुठल्याही टाकीत नाही. थंडीत दिवस मावळायच्या आत त्याला आत आणायचं, आणि सकाळी ऊन हौदावर पोचलं की परत सोडायचं.