४७ ग्रॅम

घरात मांजर पाळणाऱ्याला ते दिवसाला किती खातं असं विचारलं, तर उत्तर बहुधा वाट्यांत मिळतं. सकाळी एक, रात्री एक, मध्ये मागितलं तर आणखी थोडं. वाटी कोणती, काठोकाठ भरलेली की शिगोशीग, हे कुणी सांगत नाही. आमच्या घरातल्या दोन वाट्या मी कोरड्या दाण्यांनी भरून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवल्या. आमटीच्या वाटीत ६० ग्रॅम मावले, खिरीच्या वाटीत शीग लावून ९०. दोन्ही 'एक वाटी'च, पण मधल्या ३० ग्रॅममध्ये फ्लॅटमधल्या मांजराची जवळजवळ अर्ध्या दिवसाची गरज भागते.

चिंगी आमच्याकडे आली ती मोठी होऊनच. शेजारचं कुटुंब दुसऱ्या गावी गेलं आणि ती राहिली. नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, वय चारच्या आसपास, खिडक्यांना जाळ्या असलेल्या घराबाहेर कधी पाऊल न टाकलेली. वजन ४ किलो ८०० ग्रॅम. पाहणारा म्हणायचा, काय गुबगुबीत आहे! डॉक्टरांनी मात्र तिच्याकडे फार वेळ पाहिलंच नाही. दोन्ही हात तिच्या बरगड्यांवरून मागे नेले आणि मला म्हणाले, "ताई, आता तुम्ही बघा. डोळ्यांनी नको, बोटांनी."

ही परीक्षा कुणालाही घरी करता येते. आपला पंजा पालथा धरून दुसऱ्या हाताने बोटांच्या मागची हाडं चाचपा. वर पातळ थर आणि खाली मोजता येणारी हाडं, तशाच बरगड्या लागल्या तर वजन योग्य. मूठ वळल्यावर उंचवटे टोचतात तशा टोचल्या तर मांजर रोड आहे. आणि तळहाताच्या मऊ भागासारखं दाबून शोधावं लागलं, तर चरबी जास्त आहे. चिंगीच्या बरगड्या शोधाव्या लागल्या. मांजराची अंगकाठी जोखायला डॉक्टर १ ते ९ अशी मोजपट्टी वापरतात. त्यात ५ उत्तम, आणि पुढचा प्रत्येक अंक म्हणजे ढोबळमानाने दहा टक्के जास्त वजन. चिंगी ७ वर होती. म्हणजे तिचं खरं वजन ४ किलोच्या आसपास असायला हवं. पोटाखाली लोंबणारी कातडीची पिशवी पाहून मात्र घाबरू नये, ती सडपातळ मांजरांनाही असते.

खाण्याचा हिशेब सुरू होतो तो या 'खऱ्या' वजनापासून. त्याचं सूत्र साध्या कॅल्क्युलेटरवर जमतं. योग्य वजनाचा आकडा तीनदा घेऊन गुणायचा, वर्गमुळाचं बटण दोनदा दाबायचं आणि येईल त्याला ७० ने गुणायचं. चार किलोसाठी ४ गुणिले ४ गुणिले ४ म्हणजे ६४. वर्गमूळ ८, पुन्हा वर्गमूळ २.८३, गुणिले ७० म्हणजे १९८. इतक्या किलोकॅलरी (बोलताना आपण नुसतं कॅलरी म्हणतो) मांजराला स्वस्थ पडून राहायलाही लागतात. ऑपरेशन झालेल्या, घरातच राहणाऱ्या मोठ्या मांजराला याच्या एक ते १.२ पट पुरतात, म्हणजे दिवसाला साधारण २०० ते २४०. वजन उतरवायचं असेल तर ०.८ पट धरतात. चिंगीसाठी तो आकडा १५८ आला. वाढत्या पिल्लांचा आणि गाभण मांजरीचा हिशेब अगदी निराळा असतो, त्यांना हे सूत्र लावू नये.

आता कॅलरींचे ग्रॅम करायचे. काही पाकिटांवर कॅलरी छापलेल्या असतात, काहींवर नसतात. नसतील तर मागची बारीक अक्षरं वाचावी लागतात. आमच्या पाकिटावर प्रथिनं ३२ टक्के, स्निग्धांश १२, तंतू ४, पाणी १० असं होतं. राख म्हणजे खनिजं लिहिलेली नव्हती, ती कोरड्या खाण्यात ८ टक्क्यांच्या आसपास धरतात. उरले ३४ टक्के, ते पिष्ट. प्रथिनं आणि पिष्ट यांना साडेतीनने गुणायचं, स्निग्धांशाला साडेआठने. ११२ अधिक ११९ अधिक १०२, म्हणजे १०० ग्रॅमला ३३३ कॅलरी. चिंगीचे १५८ बसवले तर दिवसभराचे दाणे ४७ ग्रॅम.

४७ ग्रॅम ताटलीत फारच थोडे दिसतात. सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा जीव वरखाली झाला. "अगं, एवढ्यावर ती कशी राहील? मुकं जनावर, सांगणार कुणाला?" म्हणून आम्ही मांडणी बदलली. ८० ग्रॅमचं ओलं पाऊच सुमारे ६५ कॅलरींचं असतं. ते एक दिलं की दाण्यांना २८ ग्रॅम उरतात. आकडा तोच राहतो, पण ताटली भरलेली दिसते. शिवाय ओल्या खाण्यात तीनचतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, आणि मांजराची जात मुळात पाणी कमी पिणारी. मला हा मोठा फायदा वाटतो.

दाण्यांचे आम्ही चार वाटे करतो, सात-सात ग्रॅमचे. मांजराचं पोट लहान आणि घास लहान. बाहेर शिकार करून जगणारं मांजर दिवसभरात अनेकदा थोडं थोडं खातं. एका उंदरातून साधारण ३० कॅलरी मिळतात, म्हणजे दिवसाचं पोट भरायला सात-आठ उंदीर हवेत, आणि प्रत्येकासाठी दबा, झेप, कितीतरी फसलेले डाव. फ्लॅटमधल्या मांजराचं हे सगळं कामच गेलेलं असतं. म्हणून रात्रीचा वाटा मी ताटलीत घालत नाही. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये एकेका खळग्यात दोन-तीन दाणे टाकते. चिंगी आधी वास घेते, मग पंजा वाकडा करून दाणा कडेला ओढते, तो निसटला की थांबून त्याच्याकडे पाहते आणि पुन्हा पंजा घालते. ताटलीतले सात ग्रॅम ती मिनिटाभरात संपवते. ट्रेवर तेच दाणे तिला बराच वेळ गुंतवून ठेवतात, आणि नंतर ती अंग चाटून शांत झोपते. पहाटेचं ओरडणं कमी झालं ते यानंतरच. म्याव केल्यावर लगेच खायला दिलं, की मांजर एवढंच शिकतं की म्याव केल्यावर खायला मिळतं. प्रत्येक म्याव भुकेचा नसतो. पुष्कळदा तिला सोबत हवी असते, दोरीमागे धावायचं असतं.

काट्यावर न येणारं खाणं हा आपल्या घरांतला मोठा प्रश्न आहे. अर्धी वाटी म्हशीचं दूध म्हणजे ७५ च्या आसपास कॅलरी, चिंगीच्या दिवसाच्या जवळजवळ निम्म्या. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, पोट बिघडतं ते वेगळंच. आणि मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाची चव ओळखणारं जनुक त्यांच्यात निकामी आहे, हे २००५ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं. त्यामुळे पेढ्याचा तुकडा प्रेमाने भरवला, तरी तो गोडवा आपल्यालाच कळतो. वरचा खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवायचा. चिंगीसाठी ते १५-१६ कॅलरी, म्हणजे मीठ-मसाला न लावलेल्या उकडलेल्या चिकनचा दहा ग्रॅमचा तुकडा. तेवढ्या कॅलरी दाण्यांतून वजा करायच्या. कांदा-लसूण घातलेल्या रश्शातलं काहीही देऊ नये, ते मांजराच्या रक्ताला घातक असतं.

दूध-पोळीवर किंवा नुसत्या चिकनवर मांजर सांभाळणाऱ्यांना एक सांगणं. कॅलरी जुळल्या म्हणजे आहार जुळला, असं होत नाही. नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी असतं. टॉरिन नावाचा घटक मांजराच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो प्राणिज खाण्यातूनच मिळवावा लागतो. तो कमी पडला की हृदय कमकुवत होऊन फुगतं, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. त्यानंतर तयार खाद्यांतही टॉरिनचं प्रमाण वाढवलं गेलं. पोळीत ते नसतं.

चिंगीचं वजन आठवड्याला ४०-५० ग्रॅमच्या वेगाने उतरावं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याहून घाई करायची नाही. आधी मी एकटी काट्यावर उभी राहते, मग तिला कडेवर घेऊन, आणि वजाबाकी कॅलेंडरवर लिहिते. सूत्रातून येणारा आकडा ही सुरुवात आहे. सारख्याच वजनाच्या दोन मांजरांची गरज पुष्कळ वेगळी असू शकते, म्हणून महिन्याकाठी वजन पाहून पाच-पाच ग्रॅमने कमी-जास्त करायचं. चिंगीच्या बरगड्या आता चाचपल्या की लागतात, आणि सासूबाईच सकाळी दाणे मोजतात.

जाड मांजराचं खाणं कधीही एकदम तोडू नका. अशा मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडलं, तर अंगातली चरबी यकृतात साठून जिवावर बेतू शकतं. ताटली दिवसभर तशीच राहिली, तर 'भूक लागली की खाईल' म्हणत वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.