सायकलसाठी वेगळी मार्गिका: आरोग्याच्या दृष्टीने हवी की नको?

पहाटे साडेपाचच्या सुमारास वाकोल्यातल्या कुठल्याही नाक्यावर थोडा वेळ उभे राहून पाहा. बेकरीतून निघालेला पाववाला, पेपर टाकणारी मुले, पों-पों हॉर्न वाजवत इडली-मेदूवडा विकणारे अण्णा, रात्रपाळी संपवून घरी निघालेले वॉचमन असे कितीतरी जण तुम्हाला सायकलवर दिसतील. यांतले अनेक जण आम्हाला दवाखान्यात भेटतात. कधी खोकला घेऊन येतात, कधी कोपर-गुडघा सोलवटून, आणि क्वचित त्याहून गंभीर दुखापत घेऊन.

सायकल मार्गिकेचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "पण मुंबईत सायकल चालवतो कोण?" उत्तर आपल्या नाक्यावरच आहे. या लेखात आपण मार्गिकेच्या वादाकडे डॉक्टरांच्या नजरेने पाहू. सायकल चालवण्याचे फायदे किती, धोका किती, कशा प्रकारच्या मार्गिकेने जीव वाचतो आणि तोपर्यंत तुम्ही स्वतःची काळजी कशी घ्यायची, हे समजून घेऊ.

शेजारच्या बीकेसीत काय घडले?

वाकोल्यापासून तीन-चार किलोमीटरवर असलेल्या वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत, एमएमआरडीएने २०११ च्या सुमारास सायकल मार्गिका बांधल्या. त्यांची एकूण लांबी सुमारे १३ किलोमीटर होती. कल्पना चांगली होती. लाखो लोक वांद्रे आणि कुर्ला स्थानकांवर उतरून बीकेसीत कामाला जातात आणि हे अंतर सायकलसाठी अगदी योग्य आहे.

प्रत्यक्षात मार्गिका ओस राहिल्या. काही ठिकाणी त्यांवर गाड्या उभ्या राहू लागल्या. २०२५ मध्ये एमएमआरडीएने त्या काढून ती जागा वाहनांसाठी वाढीव लेन म्हणून वापरायचे ठरवले. कारण सांगितले गेले ते वाहतूक कोंडीचे. सायकलप्रेमींनी विरोध केला, तर रोज कोंडीत अडकणाऱ्या अनेकांना निर्णय पटला.

यातून "मुंबईत सायकल मार्गिका चालत नाही" असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ही मार्गिका बीकेसीत सुरू होऊन बीकेसीतच संपत होती. वांद्रे किंवा कुर्ला स्थानकापर्यंत ती सलग पोहोचत नव्हती. वाकोला, कलिना इथून निघणाऱ्याला तिथवर जायला ट्रक, बस आणि रिक्षांमधूनच वाट काढावी लागत होती. एखाद्या रुग्णाला औषधाचा अर्धाच डोस द्यायचा आणि गुण आला नाही म्हणून औषधच निकामी ठरवायचे, तसे हे झाले.

सायकल चालवल्याने शरीराला काय मिळते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करायला हवा. मध्यम म्हणजे धाप लागेल, पण बोलता येईल इतका. आता हिशेब करून पाहा. वाकोल्याहून बीकेसीला सायकलने साधारण १५ ते २० मिनिटे लागतात. जाऊन-येऊन ३० ते ४० मिनिटे झाली. आठवड्याचे पाच दिवस धरले तर १५० ते २०० मिनिटे होतात. जिमची फी नाही आणि व्यायामासाठी वेगळा वेळही काढावा लागत नाही.

नियमित सायकल चालवल्याने रक्तातली साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते, वजन उतरते, झोप सुधारते. शरीराचा भार सीटवर असल्याने गुडघ्यांवर धावण्याइतका ताण येत नाही. ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक लोकांची सुमारे पाच वर्षे पाहणी करून २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गाडीने किंवा सार्वजनिक वाहनाने कामावर जाणाऱ्यांपेक्षा सायकलने जाणाऱ्यांमध्ये त्या काळात मृत्यूचा धोका ४१ टक्के कमी आढळला. सायकल चालवणारे मुळातच जास्त निरोगी असू शकतात, म्हणून सगळे श्रेय सायकलला देता येत नाही. तरीही फरक दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही.

"पण डॉक्टर, धुराचे काय?"

हा प्रश्न रास्त आहे. सायकल चालवताना श्वास जोरात चालतो, त्यामुळे धूरही जास्त आत जातो. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये याचे गणित मांडले. हवेत पीएम २.५ या सूक्ष्म कणांचे प्रमाण दर घनमीटरला २२ मायक्रोग्रॅम असेल, तर कितीही सायकल चालवली तरी फायदाच जास्त. प्रमाण १०० मायक्रोग्रॅम असेल, तर रोज दीड तासापर्यंत फायद्याचे पारडे जड राहते. त्यापुढे तोटा वाढू लागतो.

म्हणजे रोज अर्धा-पाऊण तास सायकल चालवणाऱ्या निरोगी माणसाने धुराला घाबरून सायकल सोडायचे कारण नाही. दिवसभर सायकलवर माल पोहोचवणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याचा दीड तास सकाळीच संपतो. स्वच्छ हवेची सगळ्यात जास्त गरज त्यालाच आहे.

खरा धोका कुठे आहे?

२०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोकांचा मृत्यू झाल्याची सरकारी नोंद आहे. त्यांत सायकलस्वार सुमारे तीन टक्के होते. तीन टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण ती वर्षाला साडेचार हजारांहून अधिक माणसे आहेत. पादचारी, सायकलस्वार आणि दुचाकीस्वार एकत्र धरले तर निम्म्याहून अधिक मृत्यू यांचेच आहेत.

याचे कारण सरळ आहे. सायकलस्वाराभोवती पत्रा नसतो. आदळणाऱ्या वाहनाचा वेग दुप्पट झाला तर धडकेची ऊर्जा चौपट होते. माणसाचे हाड आणि मेंदू ताशी ३० किलोमीटरपर्यंतच्या धडकेतून बऱ्याचदा वाचतात. त्यापुढे शक्यता झपाट्याने घटते. म्हणूनच २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने, जिथे चालणारे, सायकलस्वार आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे वेगमर्यादा ताशी ३० ठेवावी असे सांगितले आहे. ज्या रस्त्यावर गाड्या याहून वेगाने धावणार आहेत, तिथे सायकलला वेगळी जागा हवी.

कोणत्या मार्गिकेने जीव वाचतो?

सगळ्या मार्गिका सारख्या नसतात. कॅनडातील टोरंटो आणि व्हँकुव्हर शहरांत ६९० जखमी सायकलस्वारांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कडेला गाड्या उभ्या असलेल्या मोठ्या रस्त्यांच्या तुलनेत, कठड्याने वेगळ्या केलेल्या मार्गिकेवर दुखापतीचा धोका जवळपास एक-नवमांश होता. नुसता पांढरा पट्टा मारलेल्या लेनचा फायदा मात्र तेवढा दिसला नाही. आपल्याकडे तर पट्ट्यावर तासाभरात रिक्षा उभी राहते, आणि सायकलवाल्याला अचानक वळसा घालून गाड्यांच्या मध्ये यावे लागते.

उपयोगी मार्गिकेची चार लक्षणे लक्षात ठेवा:

- ती सलग असते आणि घर, स्थानक, शाळा, बाजार यांना जोडते.
- गाड्या आणि सायकल यांच्यामध्ये ठोस अडथळा असतो.
- चौकात आणि वळणावर ती नाहीशी होत नाही, कारण बरेच गंभीर अपघात तिथेच होतात.
- ती फुटपाथ खाऊन केलेली नसते.

स्पेनमधील सेव्हिल शहराने २००६ नंतर काही वर्षांतच १०० किलोमीटरहून अधिक लांबीचे जोडलेले जाळे उभे केले आणि तिथे सायकलस्वारांची संख्या कित्येक पटींनी वाढली. नेदरलँड्सही कायमच सायकलींचा देश नव्हता. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर ४०० हून अधिक मुले दगावली, पालक रस्त्यावर उतरले आणि त्यानंतर धोरण बदलत गेले.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे आहे का?

पूर्णपणे नाही. त्यांचे काही मुद्दे ऐकायलाच हवेत.

"रस्ते आधीच अरुंद आहेत." वाकोल्यातल्या आतल्या गल्ल्यांबाबत हे खरे आहे. तिथे वेगळी मार्गिका नको, वेग कमी हवा. गतिरोधक, मोकळे फुटपाथ आणि बेशिस्त पार्किंगला आळा एवढ्याने काम होते. मार्गिकेची गरज मोठ्या, वेगवान रस्त्यांवर आहे.

"कोंडीत रुग्णवाहिका अडकतात." डॉक्टर म्हणून ही काळजी मलाही आहे. पण वाढवलेली लेन काही काळाने पुन्हा गाड्यांनीच भरते, आणि त्या गाड्यांमध्ये रुग्णवाहिका तशीच उभी राहते.

"पावसाळ्यात कोण चालवणार?" चार महिने हौशी सायकलस्वार कमी होतात हे मान्य. पाव आणि पेपर मात्र जुलैतही सायकलवरच येतात, आणि खड्डा पाण्याखाली असतो तेव्हाच सर्वांत घातक असतो.

"आधी फुटपाथ द्या." पूर्ण सहमत. चालणारे सर्वांत जास्त आहेत आणि त्यांना हुसकावून केलेली मार्गिका आरोग्याच्या हिताची नाही.

सायकलच्या नावाने केलेले प्रत्येक काम योग्य असते असेही नाही. पवई तलावाच्या काठावरचा सायकल ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करायला सांगितले. मार्गिका जिथे लोक रोज कामाला जातात तिथे हवी.

मार्गिका होईपर्यंत तुम्ही काय कराल?

- हेल्मेट घाला. डोक्याच्या गंभीर दुखापतीचा धोका त्याने साधारण दोन-तृतीयांशाने कमी होतो. पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधा.
- पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर लावा. पहाटे निघणाऱ्यांनी फिकट रंगाचा शर्ट घालावा.
- वळणाऱ्या बस, डंपर किंवा टँकरच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका. त्या कोपऱ्यात चालकाला तुम्ही दिसत नाही. मागेच थांबा.
- उभ्या गाड्यांपासून सुमारे एक मीटर अंतर ठेवा. अचानक उघडलेला दरवाजा हे पडण्याचे नेहमीचे कारण आहे.
- सीटची उंची तपासा. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. सीट फार खाली असेल तर गुडघे दुखतात.
- मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेत असाल तर खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा.
- दमा असेल तर इनहेलर सोबत ठेवा. हवा खूप खराब असलेल्या दिवशी आतल्या गल्लीचा रस्ता निवडा आणि एन-९५ मास्क वापरा.
- हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, चक्कर किंवा फिट येत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

तुम्ही गाडी किंवा रिक्षा चालवत असाल तर दरवाजा उघडण्यापूर्वी मागे पाहा आणि सायकलला ओलांडताना किमान एक मीटर जागा सोडा.

अपघात झाला तर

१०८ वर फोन करा. मान दुखत असेल किंवा माणूस बेशुद्ध असेल तर त्याला उगाच हलवू नका. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. पाणी पाजण्याची घाई करू नका. मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने संरक्षण दिले आहे. तुम्हाला स्वतःचे नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

डोक्याला मार लागल्यावर पुढच्या २४ ते ४८ तासांत वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, फिट, नाका-कानातून पाणी किंवा रक्त यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा.

एक इजा अनेकांच्या लक्षात येत नाही. पडताना हँडलचे टोक पोटात घुसते. वरून फक्त गोल वळ दिसतो, पण आत प्लीहा, स्वादुपिंड किंवा आतड्याला इजा झालेली असू शकते. लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. मुलांमध्ये हे विशेष आढळते. पोटदुखी, उलटी, पोट ताठ होणे किंवा खांद्यात दुखणे सुरू झाले तर "मुका मार आहे" म्हणून घरी थांबू नका. जखम झाली असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायचे का तेही विचारा.

थोडक्यात

बीकेसीतली मार्गिका काढली म्हणून सायकलवाले संपले नाहीत. ते त्याच रस्त्यावर आहेत, फक्त त्यांची वेगळी जागा गेली. पुढच्या वेळी तुमच्या नगरसेवकाशी किंवा महापालिकेच्या एच-पूर्व विभाग कार्यालयात रस्त्याच्या कामाबद्दल बोलाल तेव्हा "मार्गिका हवी की नको" एवढ्यावर थांबू नका. ती कुठून कुठे जाणार, मध्ये कठडा असेल का आणि चौकात सायकलवाल्याचे काय होणार, हे विचारा. सकाळी तुमच्या दारात पाव घेऊन येणारा माणूस संध्याकाळी धडधाकट घरी पोहोचणार का, हे या तीन उत्तरांवर अवलंबून आहे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या तब्येतीबाबतचा निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)